नाकात पॉलिप, डॉक्टरांनी स्टेरॉइड लिहून दिलंय, मिस्टरांना शुगर आहे… द्यावं का?

फुलेवाडी_ताई
नमस्कार. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, वय ४६, शुगरच्या गोळ्या चालू आहेत. वर्ष झालं नाक चोंदलेलंच, घशात कफ उतरतो, कपाळ जड, आणि वास तर पार गेलाय. परवा गॅसचं बटण नीट बंद झालं नव्हतं, हे तिथंच डबा भरत उभे आणि यांना पत्ताच नाही, मी बाहेरून आले तेव्हा कळलं. तेव्हापासून माझी झोप उडालीय. ईएनटींनी दुर्बिणीनं बघितलं, सीटी काढला, दोन्ही बाजूला पॉलिप, म्हणजे सुजेनं आतल्या अस्तरावर वाढलेल्या मऊ गाठी, आहेत म्हणाले. स्टेरॉइडचा स्प्रे तीन महिने आणि त्याच्याबरोबर थोडे दिवस प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्याच, गोळ्या असं लिहून दिलंय. आता घरात नुसता गोंधळ. सासूबाई म्हणतात स्टेरॉइड घरात आणायचं नाही, करोनात गल्लीतल्या एकांचा डोळा गेला तो त्यानंच. दीर तालमीत जातो, तो म्हणतो वहिनी एकदा लागलं की सुटत नाही. कुणी घेतलंय का? शुगर असताना चालतं का? सांगा की.

गंगावेसकर
वहिनी, दिराला सांगा तालमीत ज्याच्या नावानं ओरड असते ते स्टेरॉइड वेगळं. ते ॲनाबॉलिक, टेस्टोस्टेरॉनसारखं, अंग कमवायला पोरं घेतात, वस्ताद शिव्या घालतात ते बरोबरच हाय. नाकाला देतात ते कॉर्टिकोस्टेरॉइड, किडनीच्या वरच्या ग्रंथी रोज कॉर्टिसोल बनवतात त्या जातीचं. त्याचं काम सूज उतरवायचं. अंग भरायचं तर सोडाच, गोळ्या लई दिवस घेतल्या तर दंडा-मांड्यांचं मांस उतरतं. नाव एक असल्यामुळं माणसं घाबरून चांगला उपचार सोडतात याचं मला खरंच वाईट वाटतं. माझ्या थोरल्या भावाचा स्प्रे कायम चालू हाय, सवय-बिवय काय नाही.

औषधवाला_राजारामपुरी
मेडिकल चालवतो, बी फार्म आहे. ताई, आधी स्प्रे आणि गोळी डोक्यात वेगळी करा, निम्मी भीती तिथंच जाईल.

स्प्रे, म्हणजे मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन, जागेवर काम करतो, रक्तात जातो तो दोन टक्क्यांपेक्षाही कमी, म्हणून महिनोन्महिने देता येतो आणि शुगरवाल्यांनाही सहसा अडचण येत नाही. पण तो हळू चालतो हो. लोक चार दिवस मारतात आणि "काय उपयोग नाही" म्हणून बाटली कपाटात. फरक कळायला एक-दोन आठवडे, पूर्ण गुण यायला त्याहून जास्त, आणि रोज मारला तरच. मारायची पद्धत दुकानात कुणी विचारतच नाही: आधी नाक शिंकरायचं, बाटली हलवायची, मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडं. मधल्या पडद्यावर मारलं तर तिथं कोरडं पडून रक्त येतं. मारल्यावर जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध सरळ घशात.

आणि कळकळीनं सांगतो, नाक मोकळं करायचे जे थेंब मिळतात, झायलोमेटाझोलीन वगैरे, ते स्टेरॉइड नाहीत. पाच मिनिटात नाक उघडतं म्हणून लोक त्यालाच चांगलं औषध समजतात. आठवड्याच्या वर वापरले की उतरल्यावर नाक आणखी चोंदतं, मग परत थेंब, असं वर्षानुवर्षं चालू असलेले लोक माझ्या काउंटरला येतात आणि तेच "स्टेरॉइड नको" म्हणतात.

गोळीचं मात्र जपूनच. पॉलिप आकसतात, वास बऱ्याचदा परत येतो, पण नुसत्या गोळ्यांचा गुण काही महिन्यांत ओसरतो, तो टिकवायचा स्प्रेनं. शुगर चढणार हे धरून चला. सकाळी नाष्ट्यानंतर गोळी घेतली की शुगर चढते दुपारी-संध्याकाळी, उपाशीपोटीची बऱ्याचदा ठीकच दिसते आणि माणूस फसतो. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासा, शुगरच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, ते डोस बदलून देतील. झोप कमी होणं, चिडचिड, भूक वाढणं होऊ शकतं. आणि परत त्रास झाला म्हणून जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणायच्या नाहीत, माझ्या दुकानातून पण नाही.

इचलकरंजीची
ताई, सासूबाईंची भीती समजते. २०२१ मध्ये आमच्याकडंही लोकांनी ते बघितलंय. पण म्युकर, म्हणजे ती काळी बुरशी, झालं त्यातल्या खूप जणांची शुगर हाताबाहेर गेलेली, करोनाचं आजारपण, वर जास्त डोसाचं स्टेरॉइड, असं सगळं एकदम आलेलं. नाकातल्या स्प्रेची ती गोष्टच नाही. तरी शुगर असल्यामुळं डॉक्टरांना सरळ विचारा, सीटीत बुरशीचं काही दिसतंय का. आणि गाल बधिर होणं, डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, तोंडात टाळूवर काळा डाग यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

माझं दुर्बिणीचं ऑपरेशन झालंय तरी स्प्रे चालूच आहे, कारण पॉलिप काढले तरी आतली सूज येतच राहते. मला सगळ्यात जास्त फरक पडला तो स्प्रेच्या आधी मिठाच्या पाण्यानं नाक धुण्यानं. पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं थेट कधीच नको, पुड्या मेडिकलमध्ये मिळतात. आणि फाउंड्रीतली वाळूची धूळ! मिस्टरांना चांगला मास्क घालायला लावाच, रुमाल बांधून भागत नाही. त्यांना दमा आहे का, किंवा दुखण्यावरची गोळी घेतली की दम लागतो का? असेल तर डॉक्टरांना सांगा, पॉलिपशी त्याचा संबंध असतो.

फुलेवाडी_ताई
खूप आभार सगळ्यांचे, रिप्लाय सासूबाईंना वाचून दाखवले. दमा नाही. स्प्रे आज रात्रीपासून सुरू करतोय, गोळ्यांचं उद्या शुगरच्या डॉक्टरांना विचारून. एक राहिलं, सासूबाईंना काचबिंदू आहे, रोज थेंब घालतात. मिस्टरांना अजून काही नाही. त्याचा काही संबंध येतो का?

औषधवाला_राजारामपुरी
येतो ताई, बरं झालं विचारलंत. स्टेरॉइडनं डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं आणि आई-वडिलांना काचबिंदू असेल तर ती शक्यता जास्त. ईएनटींना फोन करून हे कळवा, आणि जमलं तर गोळ्या सुरू करायच्या आधीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून प्रेशर मोजून घ्या, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. स्प्रे बरेच महिने चालणार असेल तर मधूनमधून परत मोजायचं. सासूबाई तपासणीला जातीलच, त्यांच्याबरोबर मिस्टरांनाही पाठवा.