ऑनलाईन गाण्याच्या क्लासला तानपुराच गायब होतोय, नेट वाढवू का?

मंगळवारपेठकर
मंडळी जरा मदत करा. आमच्या आत्या गाणं शिकवतात, घरी पोरं येतातच पण आता पुण्याच्या दोघी आणि न्यू जर्सीची एक अशा व्हिडिओ कॉलवर शिकतात. लॅपटॉपशेजारी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावलेला असतो. कॉल सुरू झाला की पहिले काही सेकंद तिकडं तानपुरा ऐकू जातो आणि मग विरून जातो, आत्या गायला लागल्या की त्यांच्या आवाजाबरोबर जरा डोकावतो, थांबल्या की परत गुल. पोरी म्हणतात आता सा कुठला धरायचा. शिवाय दोघी एकदम गायला लागल्या की एकीचा आवाज कापला जातोय आणि न्यू जर्सीवाली तर कायम मागनंच येते. नेटवाला म्हणतोय शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे तो दोनशेचा करा. सेटिंगमधे नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन, असलं कायबाय दिसतंय. नेमका कशाला हात लावू?

वायफाय_पाटील
दोनशेचा घ्या आणि राऊटर जवळ ठेवा. आमच्यात तसंच केलं, आता क्रिकेट एकदम मक्खन दिसतंय.

साऊंडवाला_राजारामपुरी
पाटील क्रिकेट वेगळं आन कॉल वेगळा. मॅच काही सेकंद साठवून मग दाखवतात, कॉलमधे साठवायला वेळच न्हाई. आन आवाजाला लागतंय किती, ३०-४० केबीपीएसमधे (म्हंजे सेकंदाला तेवढे हजार बिट) बोलणं झकास जातंय, व्हिडिओ धरून दोन-चार एमबीपीएस, म्हंजे सेकंदाला तेवढे दशलक्ष बिट. शंभर असताना दोनशे घेऊन तानपुरा परत येणार न्हाई, पैसे तेवढे जातील.

भावा तुझा चोर नॉइज सप्रेशन हाय. ते सारखं बघत असतंय की कुठला आवाज न बदलता एकसारखा चाललाय, पंखा, एसी, मिक्सर. तसलं काय घावलं की त्याचा अंदाज घ्यायचा आन वजा करायचा. तानपुऱ्याचं कामच एकसारखं चालायचं, मग त्याला तो पंखाच वाटणार की. पहिले काही सेकंद ऐकू जातोय कारण तेवढ्या वेळात त्याचा अंदाज पक्का व्हायचा असतोय. ज्या कोल्हापुरात अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायले तिथला तानपुरा आता गोंगाट ठरतोय, काय बोलायचं.

झूम वापरत असाल तर ऑडिओच्या सेटिंगमधे ओरिजिनल साऊंड फॉर म्युझिशियन्स म्हणून हाय ते चालू करा, त्यातला हाय फिडेलिटी मोडपण. मीटमधे नॉइज कॅन्सलेशन बंद करता येतंय. आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारं ऑटो गेन पण बंद करा, नायतर आत्या तार सप्तकात गेल्या की ते खाली ओढतंय आणि खर्जात आल्या की वर ढकलतंय, गाण्यातला चढउतार सगळा सपाट.

जुना_एक्स्चेंजवाला
साऊंडवाल्यांनी बरोबर सांगितलंय, थोडी भर घालतो. मी टेलिफोन खात्यात आयुष्य काढलं, ही सगळी व्यवस्था मुळात बोलण्यासाठी उभी राहिली. जुना फोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे न्यायचा. १९७२ च्या जी.७११ मधे, म्हणजे फोनवरच्या आवाजाचे आकडे करायच्या मानकात, सेकंदाला आवाजाची ८००० मोजमापं (नमुने), प्रत्येक ८ बिटांचं, म्हणजे ६४ केबीपीएस. आत्यांची पट्टी काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) धरली तर त्यांचा षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास आणि तानपुऱ्याचा खर्ज १०४, म्हणजे दोन्ही त्या पट्ट्याच्या बाहेरच. तरी फोनवर सूर कळायचा, कारण मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या स्वरांशांवरून कान खालचा मूळ स्वर भरून काढतो.

आता बऱ्याच ॲपमधे ऑपस नावाचा कोडेक (आवाज आटोपशीर करून पाठवायची पद्धत) असतो, २०१२ साली आलेला, ६ पासून ५१० केबीपीएसपर्यंत चालणारा. त्यात बोलण्यासाठी एक पद्धत आणि संगीतासाठी दुसरी अशी दोन्ही एकत्र बसवलेली आहेत, त्यामुळे कोडेकला दोष देऊ नका. तानपुरा कोडेकपर्यंत पोचतच नाही, नॉइज सप्रेशनमधे आधीच चाळला जातो.

आता जिटर, म्हणजे पोचण्याच्या वेळेतली अनियमितता. आवाजाची पॅकेट (छोटे तुकडे) साधारण २० मिलिसेकंदांनी एकेक सुटतात, पण पोचताना शहर बससारखी, बराच वेळ एकही नाही आणि मग तीन एकदम. ती ओळीत लावायला पलीकडचं ॲप थोडं थांबतं, तो उशीर वर वाढतो. वायफाय सोडून लॅपटॉपला केबल लावा, त्याचा फरक प्लॅनपेक्षा जास्त पडेल.

न्यू जर्सीच्या मुलीला मात्र रागावू नका. अंतर बारा-तेरा हजार किलोमीटर, काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ रेषेत तार असती तरी जायलाच ६० च्या वर मिलिसेकंद. केबल वळसे घेते, मधे यंत्रं, वर तो जिटरचा थांबा. जाऊन-येऊन पाव सेकंद सहज होतो. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांनी चालला तर एक मात्राच पाव सेकंदाची, म्हणजे ती अचूक गायली तरी आत्यांना एक मात्रा मागे ऐकू येणार. कुठल्याही प्लॅनने हे जाणार नाही. एकत्र गाऊच नका, आत्यांनी म्हणायचं, तिने मागून म्हणायचं, आणि ठेका तिने तिच्याच खोलीत लावायचा.

मंगळवारपेठकर
ओरिजिनल साऊंड चालू केलं, पुण्याच्या पोरींना तानपुरा स्पष्ट ऐकू गेला, लई भारी. पण आता त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना परत ऐकू येतोय. ब्लूटूथचे इअरबड आहेत ते आत्यांना देऊ का?

साऊंडवाला_राजारामपुरी
इको कॅन्सलेशन बंद पडलं असणार. ते स्पीकरमधनं आलेला आवाज माइकमधनं वजा करत असतंय, आन दोघी एकदम गायल्यावर एकीला कापतंय तेपण तेच. ते बंद ठेवायचं तर दोन्हीकडं हेडफोन पाहिजेतच. पण ब्लूटूथ नको. त्याचा माइक चालू झाला की बहुतेक इअरबड गाण्याचा मोड सोडून फोनच्या मोडला जातात, सेकंदाला ८ न्हाईतर १६ हजार नमुने, तानपुऱ्याची जवारी, म्हंजे तारांची ती झंकार, त्यात राहत न्हाई, वर उशीर वेगळा. साधा तारेचा घ्या.

मंगळवारपेठकर
आत्या कानात काही घालून गायला तयार नाहीत, स्वतःचा सूर ऐकू येत नाही म्हणतात.

साऊंडवाला_राजारामपुरी
बरोबर हाय त्यांचं. एकाच कानाला लावा, दुसरा मोकळा. रेकॉर्डिंगला गाणारे पण तसंच करतात. आन आवाज बारीक ठेवा, नायतर मोकळ्या बाजूनं माइकमधे शिरतोय.