आधी ऑपरेशन की आधी किमो? दोन डॉक्टर, दोन मतं

धाकटी_बहीण:
माझ्या ताईला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, वय ३६. गाठ ३ सेंमीची आहे आणि सोनोग्राफीत काखेतही एक गाठ संशयास्पद दिसली. बायोप्सीत ग्रेड ३, ईआर पीआर दोन्ही निगेटिव्ह, हर टू २+ आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की फिश टेस्ट करावी. सर्जन म्हणतात पुढच्याच आठवड्यात पूर्ण स्तन काढून टाकू, आणि ज्या ऑन्कॉलॉजिस्ट मॅडमना दाखवलं त्या म्हणतात आधी किमो. दाजींचं म्हणणं एकदाचं काढून मोकळं व्हा, आई नुसती रडतेय, आणि ताई केबिनमधून बाहेर आली की तिला आत काय बोलणं झालं त्यातलं काहीच सांगता येत नाही. ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज का? कुणाचं ऐकायचं? प्लीज कुणीतरी सांगा.

अबोली:
आधी तुमच्या ताईला धीर द्या. ग्रेड आणि स्टेज वेगळं असतं हो. ग्रेड म्हणजे पेशी मायक्रोस्कोपखाली किती बिघडलेल्या दिसतात ते, स्टेज म्हणजे आजार कुठवर पसरलाय ते. ग्रेड ३ असून स्टेज लवकरची असलेल्या कितीतरी जणी असतात, मी त्यातलीच.

आता मुख्य गोष्ट. ईआर पीआर म्हणजे पेशींवरचे हार्मोनचे रिसेप्टर आणि हर टू म्हणजे पेशींना वाढायला लावणारं एक प्रोटीन. हर टू २+ म्हणजे ना हो ना नाही, त्याचा जीन वाढलाय का हे बघणारी फिश टेस्ट आल्याशिवाय ते ठरतच नाही. पॉझिटिव्ह आलं तर ट्रास्टुझुमॅबसारखी त्यावरच काम करणारी औषधं किमोबरोबर मिळतात, आणि निगेटिव्ह आलं तर ईआर पीआर आधीच निगेटिव्ह असल्यामुळे ते ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे तिन्ही निगेटिव्ह असलेला प्रकार, धरतात. आणि एवढी गाठ, त्यात काखेत संशय, म्हणजे दोन्हीपैकी काहीही निघालं तरी बहुतेक ठिकाणी आधी किमोच सुचवतात, कारण औषधाने गाठ किती विरघळली ते डोळ्यासमोर दिसतं आणि ऑपरेशननंतर काही शिल्लक सापडलं तर पुढचं औषध बदलता येतं. आधीच गाठ काढून टाकली की हे कळायचा मार्गच बंद होतो. म्हणून मी तरी फिशच्या आधी ऑपरेशनची तारीख घेतली नसती. सर्जनना सरळ विचारा की फिश पॉझिटिव्ह आली तर तुमचा प्लॅन बदलेल का. आणि दोन्ही डॉक्टरांनी मिळून, म्हणजे ट्यूमर बोर्डमध्ये, सगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत, केस ठेवून ठरवावं असा आग्रह धरा, तो धरण्यात काहीच गैर नाही.

वाटसरू:
अबोलीताईंशी सहमत. आमच्या आईच्या वेळचा अनुभव म्हणून दोन गोष्टी सांगतो. किमो आधी ठरली तर पहिल्या डोसच्या आधी गाठीत छोटी क्लिप बसवतात ना ते विचारा, नाहीतर गाठ पूर्ण विरघळली तर ऑपरेशनला नेमकी जागा सापडायला त्रास होतो. काखेतल्या गाठीची सुई टाकून तपासणीही त्याआधीच करायची असते. आणि पूर्ण स्तन काढला की जास्त सुरक्षित हे दाजींना वाटणं साहजिक आहे, पण लवकरच्या स्टेजला फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या बायकांचं आयुष्यमान तेवढंच राहतं हे वीस वर्षं पाठपुरावा केलेल्या मोठ्या ट्रायल्समध्ये दिसलंय, ते निकाल २००२ मध्ये आले. किमोने गाठ लहान झाली तर स्तन वाचूही शकतो. अर्थात ताईचं वय बघता बीआरसीए, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या ब्रेस्ट कॅन्सरशी संबंधित जीनची टेस्ट करायला हवी आणि ती पॉझिटिव्ह आली तर ऑपरेशनचा विचार वेगळा होतो.

रानजाई:
केबिनमधलं काही आठवत नाही हे सगळ्यांचंच होतं, "कॅन्सर" हा शब्द ऐकला की पुढचं कानावर पडतच नाही. तुम्ही सोबत जा आणि डॉक्टरांना विचारून मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. प्रश्न आदल्या रात्री लिहून काढा आणि सगळ्यात महत्त्वाचा पहिल्यांदा विचारा, शेवटी ठेवला तर राहून जातो. तिसरं मत घ्यायचं झालं तर नुसता रिपोर्टचा कागद नको, लॅबमधून स्लाइड्स आणि ब्लॉक, म्हणजे बायोप्सीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा, मागून घ्या, ते मागायचा हक्क आहे आपला.

धाकटी_बहीण:
खूप खूप आभार सगळ्यांचे, आज ताई पहिल्यांदा नीट बोलली. फिशचं सँपल गेलंय, सर्जन थांबायला तयार झालेत. एक विचारायचं राहिलं, ताईला अजून एक मूल हवं होतं, दोन्ही डॉक्टरांनी तो विषयच काढला नाही आणि तिलाही अशा वेळी विचारायला लाज वाटली.

अबोली:
लाज कसली हो! हे किमोच्या आधीच विचारायचं असतं, कारण किमोने अंडाशयावर परिणाम होऊ शकतो. अंडी किंवा भ्रूण गोठवून ठेवता येतात, त्याला साधारण दोन आठवडे लागतात आणि एवढं थांबणं बहुतेक वेळा चालतं, पण ते ऑन्कॉलॉजिस्टना विचारूनच. किमोच्या काळात अंडाशय झोपवून ठेवणारं इंजेक्शनही देतात, पण ते गोठवण्याला पर्याय नाही, जोडीला असतं. उद्याच मॅडमना फोन करून फर्टिलिटीच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी मागा. फिशची वाट बघताय तोवर निदान भेट तरी होऊन जाईल.