जुनी गाडी ऑनलाइन घेताना काय काय झालं? अनुभव सांगा

आम्ही गुहागरचे. गणपतीआधी एखादी जुनी हॅचबॅक घ्यायचं घाटतंय. रात्रीची जेवणं झाली की नवरा मोबाईलवर जाहिराती बघत बसतो. प्रत्येक गाडी 'सिंगल ओनर, डॉक्टरची, एक रुपयाचं काम नाही.' कोकणात एवढे डॉक्टर असते तर पेशंट घेऊन कोल्हापूर-गोवा कोणी कशाला गाठलं असतं? तुमचे अनुभव लिहा, फसलेले आधी.

कुडाळ
फसलेलाच सांगतो. 2022 साली एमएच-08, म्हणजे रत्नागिरी पासिंगची डिझेल गाडी घेतली. मालक म्हणाला, "गाडी उभीच असायची." खरं होतं, फक्त पाण्यात उभी होती हे बोलला नाही. फोटोत चकाचक. दार उघडलं की मोगऱ्याच्या सेंटचा भपकारा. आम्हाला वाटलं, माणूस हौशी दिसतोय. पंधरा दिवसांत खिडकीची काच आपोआप खाली यायला लागली, मग एअरबॅगचा दिवा पेटला तो विझेचना. मेकॅनिकने काही न बोलता सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. वरचा हातभर पट्टा स्वच्छ, त्याच्यापुढे चॉकलेटी रेघ आणि बोटाला वाळलेला गाळ. "भावानू, ही गाडी नाय, होडी आसा," म्हणाला. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यातली निघाली. डॅशबोर्डमागचे कनेक्टर हिरवे पडले होते. इंजिन धुऊन सुरू करता येतं हो, पण वायरिंग महिन्या-महिन्याने एकेक दगा देत राहतं. आजवर 68 हजार ओतलेत.

दापोली
'लष्करात आहे, बदली झालीय, गाडी अर्ध्या किमतीत.' युनिफॉर्ममधला फोटो, ओळखपत्र, सगळं व्हॉट्सॅपवर. गाडी ट्रकने येणार म्हणे. टोकनचे पाच हजार गेले. मग 'रिफंड' म्हणून क्यूआर कोड पाठवला, तेव्हा मुलगी ओरडली, "बाबा, पैसे यायला पिन लागत नाही!" लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. पाच हजार गेले ते गेलेच.

हर्णै
गंज वरून बघू नका. आमच्याकडे वारा खारा, त्यात माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने डिकीतून मासळीच्या पेट्या वाहिलेल्या. बर्फाचं पाणी मॅटखाली मुरत गेलं. वरून नवा रंग, खालून काळं अंडरकोटिंग फासलेलं. पहिल्या पंक्चरला स्टेपनी उचलली आणि खाली थेट रस्ता दिसला.

सावंतवाडी
गोवा पासिंग स्वस्त पडतं म्हणून उड्या मारू नका. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इकडे ठेवायची तर तिकडची एनओसी (ना-हरकत दाखला), इकडचा रोड टॅक्स, नवा नंबर. सगळं मिळून आमचा 'फायदा' बांद्याच्या चेकपोस्टपर्यंतच पुरला.

अलिबाग
आमची गाडी ठणठणीत होती, पण आरसीवर कर्जाचा बोजा तसाच. मालकाने हप्ते फेडले, एनओसी मात्र घेतलीच नव्हती. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29, 30 वर सह्या करून दिल्या, आणि बोजा उतरवायच्या फॉर्म 35 चं विचारलं तर म्हणे, "तो कुठला?" गाडी नावावर व्हायला चार महिने गेले. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला असता तर हे दोन मिनिटांत दिसलं असतं. आणि विमाही आपल्या नावावर करून घ्या, 14 दिवसांत. आधीच्या मालकाचं नाव राहिलं आणि गाडी ठोकली, तर क्लेमला नुसते हेलपाटे.

धागा काढणारी
सगळ्यांना धन्यवाद. काल चिपळूणला एक गाडी बघून आलो. नवऱ्याने चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले. मालक बघतच राहिला. "साहेब, गाडी घेताय की पट्टे?" पट्टे स्वच्छ होते. मग मी म्हटलं, जरा स्टेपनी उचलून दाखवा. तर म्हणाले, "ती जाम झालीय, राहू दे."

परतीच्या एसटीत आम्ही दुसऱ्या जाहिराती बघत होतो.