छावणीत आधी बोली की फुसहा?

मूळ पोस्ट : "जॉर्डनमध्ये सीरियन निर्वासितांसाठी जाणाऱ्या स्वयंसेवकांना आधी सहा महिने फुसहाचं, म्हणजे लेखी प्रमाण अरबीचं, व्याकरण शिकवा. रोजची बोली तिथे आपोआप येते."

बिद्दी_आधी : आपोआप काही येत नाही! दवाखान्याच्या रांगेत "काय दुखतंय"साठी फुसहातलं "माधा युअलिमुक" कुणी विचारत नाही, बोलीतलं "शू बिऊजअक" विचारतात. बाई असेल तर "बिऊजइक". पहिले तीन आठवडे शू (काय), वेन (कुठे), हल्ला (आत्ता), बिद्दी (मला हवं) एवढंच घोटून घ्या. बिद्दी, बिद्दक, बिद्दो, बिद्दा (मला, तुला, त्याला, तिला हवं) : शेपटी बदलली की झालं, नकाराला पुढे "मा". याला सहा महिने कशाला हवेत?

नह्वप्रेमी : आणि कागद कोण वाचणार? नोंदणीचा अर्ज, औषधाच्या अरबी सूचना, सगळं फुसहात. त्यांचा ५ आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. तिथे चूक झाली तर गोळ्यांचा हिशेब चुकतो. महिनेही शुबात, आदार, नीसान (फेब्रुवारी, मार्च, एप्रिल). पुस्तकातलं "फिब्रायर" पाठ करून गेलेला तारीखच चुकवतो.

हौरानी_कान : बोली म्हणता, पण कोणती? जॉर्डनमधली झातारी छावणी २०१२ मध्ये उघडली आणि तिथले बहुतेक लोक दक्षिण सीरियातल्या दराआ भागातले. वर्गात मात्र दमास्कसचं रेकॉर्डिंग लावतात. दमास्कसात "कलम"मधला काफ (घशातला क) गळून "अलम" होतो, म्हणजे ऐकायला थेट "वेदना". दराआकडे तोच "गलम".

शब्दवेडा : मुळात अरबी शब्द देवनागरीत लिहिण्याच्या वह्या बंद करा. घशातला काफ आणि साधा काफ ही दोन वेगळी अक्षरं "क" लिहिल्यावर हृदय आणि कुत्रा दोघंही "कल्ब" होतात. आणि "मराठीत अरबी शब्द आहेत, सोपं जातं" हे सांगणं तर घातकच. गरीब म्हणजे तिकडे परका, विचित्र. निर्धनाला फकीर म्हणतात. घर सोडून आलेल्या माणसाला तोंडावर "गरीब" म्हणाल?

बिद्दी_आधी : वह्या बंद केल्या तर पहिल्या आठवड्यातच निम्मे लोक गळतात. क खाली नुक्ता द्या, ऐन या घशातल्या अक्षरासाठी वेगळी खूण ठरवा. शिवाय मराठीचा फायदाही सांगा की! पंचवीसमध्ये आधी पाच, मग वीस. तसंच "खमसा व अशरीन". इंग्रजीत विचार करणारा नेमका तिथेच अडखळतो.

शब्दवेडा : आकड्यांपुरतं मान्य. नुक्त्याने मात्र घसा तयार होत नाही.

नह्वप्रेमी : बरं, बोली आधी, नाइलाजाने मान्य. पण रोज तीन अक्षरं पहिल्या दिवसापासूनच. अठ्ठावीस अक्षरं दहा दिवसांत होतात, त्यासाठी बोली थांबवावी लागत नाही.

हौरानी_कान : चालेल. रेकॉर्डिंग दराआच्या माणसाचं घ्या, एक पुरुष आणि एक बाई, म्हणजे अक आणि इक दोन्ही कानावर पडतील.