कोकणातल्या नद्या आणि कातळातली खोदकामं : तुमचे अनुभव

कोकणातली नदी म्हटली की लोक थेट खाडीवर पोचतात. नदीच्या अंगाने कातळात जे तासून, पोखरून ठेवलंय, ते बघायला कोण कोण गेलंय? वीजघर, पूल, गोदी, चिरेखाण, सगळं चालेल. गुगलवरचं नको, स्वतः पाहिलेलं लिहा.

वाशिष्ठीकाठ : आजोळ अलोऱ्याजवळ. पोफळीचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे. कॉलेजने परवानगी काढली म्हणून आत जाता आलं. यंत्रांची घरघर कानाआधी चपलेतून पायात चढते. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या अलीकडे आणायची मुभा आहे. पोफळीत वीज करून ते कोळकेवाडी धरणात येतं, तिथे परत वीज, मग वाशिष्ठीत. आम्ही त्याला अवजल म्हणतो. मे महिन्यात बाकीच्या नद्यांत गोटे दिसतात तेव्हा चिपळूणला वाशिष्ठी वाहती. आणि वरच्या वाड्यांवर टँकर! हे गणित मला उलगडलंय, पटलेलं नाही.

देवगड_हापूस : गिर्याची मराठ्यांची आरमारी गोदी. विजयदुर्गाच्या मागे, वाघोटणच्या खाडीत. ओहोटीलाच जा, तळ उघडा पडतो. ३५५ फूट लांब, २२७ फूट रुंद, आणि कातळ तासून काढलेली. वाचताना आकडा मोठा वाटत नाही. चिखल तुडवत मागच्या भिंतीपर्यंत गेलो तेव्हा दमलो. तासलेल्या दगडावर कालवं चिकटलेली, हात ठेवायची सोय नाही. काका म्हणाले, "ह्यां खणताना भरतीचां पाणी खंय अडवल्यानी रे?" मी गप्प. कुणाला माहीत आहे का?

निवृत्त_स्थापत्य : @देवगड_हापूस, काकांना नमस्कार सांगा, प्रश्न नेमका आहे. लेखी पुरावा माझ्याकडे नाही, पण मी असतो तर तोंडाशी कातळाचा बांध राखून आतून खोदलं असतं आणि तो शेवटी फोडला असता. १३ मार्च १९९९ ला कोयनेच्या चौथ्या टप्प्याचं लेक टॅपिंग झालं, तेही याच बुद्धीचं. बोगदा आधी पुरा केला, जलाशयाच्या तळाशी खडकाचं बूच राखलं आणि शेवटी ते सुरुंगाने उडवलं. धरण रिकामं करावं लागलं नाही.

खिडकीची_सीट : कोकण रेल्वेचा रत्नागिरी-निवसर दरम्यानचा पानवल पूल. ४२४ मीटर लांब, ६४ मीटर उंच. पुलाचा गाळा एका टोकाला ओतून पुढे ढकलत न्यायची पद्धत देशात पहिल्यांदा इथे वापरली. गाडीतून काही कळत नाही. खाली नदीत उतरून मान वर करा.

सड्यावरचा : गोदी बघता, पूल बघता, चिरेखाणीत कुणी फिरकत नाही. आमची खाण काजळी नदीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. जांभा दगड खाणीत ओला आणि मऊ असतो, वारा-ऊन लागलं की कडक होतो, म्हणून चिरा आधी कापायचा आणि मग सुकू द्यायचा. आजोबा हाताने काढायचे, आता गोल पात्याचं मशीन. संध्याकाळी नाकातून लाल माती निघते. बघायला खुशाल या, पण मुकादमाला विचारून. आणि पावसाने भरलेल्या जुन्या खाणीत पोहायला उतरू नका. कडा सरळ तुटलेल्या असतात, वर यायला पाय ठेवायला जागा मिळत नाही.