घरच्या शेडमध्ये रेप्लिका स्पोर्ट्सकार बांधायची: कोब्रा की सेव्हन?

वावरवाला (हिंगणघाट तालुका)

पुतण्या यंदा आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड पूर्ण करून आला. आमचं कापूस ठेवायचं टिनाचं शेड होळीनंतर दिवाळीपर्यंत मोकळंच असतं. तिथे दोघांनी मिळून एक रेप्लिका स्पोर्ट्सकार, म्हणजे जुन्या नावाजलेल्या गाडीची नक्कल, बांधायची, एवढं पक्कं झालंय. कोणती, यावर घरात दोन तट आहेत: पुतण्या कोब्रा म्हणतो, मी लोटस सेव्हन. माझं मत मांडतो, ज्याला पटत नसेल त्याने मोकळेपणाने खोडून काढावं.

पुतण्याला कोब्रा पाहिजे. 1962 साली कॅरोल शेल्बीने इंग्लंडच्या एसी कंपनीच्या 'एस' नावाच्या हलक्या, उघड्या गाडीत फोर्डचं व्ही-8 इंजिन बसवलं, ती. देखणी आहे, वादच नाही. अमेरिकेत तिचे किट विकणाऱ्या कंपन्या आहेत, फॅक्टरी फाइव्ह हे त्यातलं मोठं नाव. पण किट म्हणजे चासी (सांगाडा), फायबरची बॉडी आणि जोडसामान. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल हे डोनर, म्हणजे भागांसाठी मोडायच्या जुन्या गाडीतून काढायचं, आणि ती डोनर म्हणजे फोर्डची जुनी मस्टँग. नागपूर-अमरावतीच्या भंगारात मस्टँग येत नाही, मारुती येते. म्हणजे कंटेनरमधून बॉडी आणायची, कस्टम भरायचं, आणि मग तिच्यात घालायला काय, हा प्रश्न उरतोच.

म्हणून मी म्हणतो, आधी डोनर ठरवा, मग आकार. इंजिन लांबीत बसवलेली, मागच्या चाकांवर चालणारी, हलकी आणि सगळ्यांना उघडता येणारी गाडी कोणती? मारुतीची ओम्नी व्हॅन. सीटखाली 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग जॉइंट शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) आणि शेवटी सरळ अ‍ॅक्सल. हाच क्रम इंग्लंडच्या लोटस कंपनीच्या सेव्हन या छोट्या, उघड्या स्पोर्ट्सकारचा आहे. लोटसच्या कॉलिन चॅपमनने 1957 मध्ये सेव्हन काढली तेव्हा पहिल्या मालिकेत फोर्डचं 1172 सीसीचं इंजिन होतं, ताकद 40 हॉर्सपॉवर. ओम्नीची 37 च्या आसपास. सेव्हन पळते ती इंजिनाच्या जोरावर नाही, अख्खी गाडी 500 किलोच्या आसपास भरते म्हणून. 1973 पासून हीच गाडी बनवणाऱ्या केटरहॅमने पुढे एका मॉडेलमध्ये सुझुकीचंच 660 सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आणि सुझुकीचाच सरळ अ‍ॅक्सल घातला. म्हणजे हे नातं मी ओढूनताणून जोडत नाही.

आणखी एक. सेव्हन जन्मापासून घरी जोडायची गाडी आहे. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदीकर होता, सुट्या भागांच्या किटवर नव्हता, म्हणून लोक ती खोक्यांत घेत आणि घरी जोडत. चासी म्हणजे 25 मिमीच्या चौकोनी पाईपची जाळी. अंगावर बहुतेक सपाट अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे. साचा लागतो तो फक्त नाकाला आणि मडगार्डला. आमच्या गावात ट्रॉल्या बनवणारे दोन वेल्डिंगवाले आहेत. त्यांच्या हाताला हे काम येणार नाही असं मला कोणी सांगून दाखवावं.

पुसदचा फिटर

भाऊ, इंजिनाचं बरोबर हाय. पन ओम्नीचा समोरचा भाग खोलून पाह्यला काय तुमी? तिले मॅकफर्सन स्ट्रट हाय, म्हनजे स्प्रिंग अन शॉक एकाच खांबात, उभा, उंच. सेव्हनचं नाक गुडघ्याएवढं. थो स्ट्रट बॉनेटच्या वरतं निंगन. म्हनजे समोरचा सस्पेन्शन नव्यानं बनवा लागते, दोन दोन विशबोन (चाक धरनारे तिकोनी हात), कॉइलओव्हर शॉक (स्प्रिंग गुंडाळलेला). कोन चुकला का स्टिअरिंग खड्ड्यात हातातून हिसकते. गिअरचा दांडाही आता तुमच्या मांडीजवळ येईन, लिंकेज सारं बदला लागन.

अन वेल्डिंगवाल्याचं मी नाई मानत. ट्रॉलीचा चॅनल जाड रायते, त्याले मोठी रॉड अन जास्त अ‍ॅम्पिअर चालते. तुमचा पाईप दीड-पावनेदोन मिमीचा, थ्या हातानं भोक पडन. भोक बुजवाले मंग थो मालावर माल चढवते, वरून जोड मस्त दिसते अन आतून कच्चा. ट्रॉलीचा जोड तुटला तं कापूस सांडते. या गाडीत मानूस बसते. मिग मशीन (तार आपोआप पुढं सरकनारं वेल्डिंग) पाहा, नाई तं बारीक रॉडवर तुकड्यांचा सराव करा अन जोड वाकवून, तोडून पाहा. आपल्याकडं व्होल्टेज संध्याकाळी पडते, थेही ध्यानात ठेवा.

अकोटकर

तुम्ही दोघे सस्पेन्शनवर बोलताय, पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. ही गाडी चालवणार कुठे? नोंदणी मिळणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 126 प्रमाणे प्रत्येक निर्मात्याला आपल्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ही सोय कारखान्यांसाठी आहे, शेडमधल्या काका-पुतण्यासाठी नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची आयव्हीए नावाची तपासणी होते आणि पास झाली की ती रस्त्यावर येते. तशी वाट आपल्याकडे नाही.

'ओम्नीचंच आरसी वापरू' असं मनात असेल तर तेही विसरा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. ओम्नीचा चासी नंबर कापून पाईपच्या जाळीवर चिकटवणं हा तर सरळ गुन्हा आहे. चांगल्या, शिकलेल्या मुलाच्या उमेदीची सुरुवात अशा कामाने होऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

वावरवाला

अकोटकर साहेब, नंबर चिकटवायचा विचार स्वप्नातही नाही. गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही. शेडच्या मागे तारेच्या कुंपणातली जागा आहे, तिथेच चालवू.

अकोटकर

कलम 39 नीट वाचा. नोंदणीशिवाय 'सार्वजनिक जागी किंवा इतर कोणत्याही जागी' वाहन चालवू नये असे शब्द आहेत. माझं वावर, माझी मर्जी, असं तिथे लिहिलेलं नाही. तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे. कायद्यातल्या मोटार वाहनाच्या व्याख्येतून, फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेलं वाहन वगळलेलं आहे. म्हणून आवार खरंच बंदिस्त ठेवा, फाटक लावा. आणि गाडी फाटकाबाहेर स्वतःच्या चाकांवर नाही, ट्रॉलीवर चढवूनच न्या. गावातली पोरं 'एक चक्कर' म्हणून मागे लागतील. तेव्हा नाही म्हणायची तयारी आधीच करा.

संत्रापट्टी (वरूड)

कायद्याचं झालं असेल तर मी वेगळा डोनर सुचवतो. ओम्नी नको, मारुती 800 घ्या. तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच गठ्ठ्यात समोर आडवं बसतं. तो पूर्ण गठ्ठा उचलून सीटच्या मागे ठेवायचा. जॉइंट शाफ्ट नाही, त्याच्यासाठी मधे बोगदा नाही. फियाटने 1972 च्या एक्स1/9 मध्ये आपल्याच 128 चं सामान असंच मागे नेलं, टोयोटाने 1984 मध्ये एमआर2 साठी कोरोलाचं नेलं. मोठ्या कंपन्यांनी केलेली गोष्ट आहे. स्ट्रटचा प्रश्नही सुटतो, कारण मागची बॉडी उंच असली तर बिघडत नाही. आकार मग पोर्शेच्या 1953 च्या 550 स्पायडरचा घ्या. गोल, बुटकी, छोटी. 800 च्या इंजिनाला शोभते. स्टिअरिंगचे टायरॉड (चाक वळवणारे दांडे) मात्र मागे चासीला पक्के बांधा, नाहीतर मागची चाकं आपल्या मनाने वळतील.

तेल्हाऱ्याचं गॅरेज

वरूडवाले दादा, मे महिन्यात ही गाडी चालवून पाहा. रेडिएटर समोर, इंजिन मागे, मधे लांबच लांब पाईप. त्यात हवा अडकली की इंजिनाचं हेड गेलं. आणि 550 चं अंग सगळं गोल आहे, म्हणजे सगळं फायबर. सेव्हनसारखा सपाट पत्रा एक नाही.

फायबरबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. मी पाण्याच्या टाक्या आणि बसचे बंपर दुरुस्त करतो. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर साधारण 1 ते 2 टक्के पडतो. आपल्याकडे टिनाखाली दुपारी 45 अंशांत ते डब्यातच घट्ट होतं, काचेच्या धाग्यांची मॅट भिजवायला वेळच मिळत नाही. साच्यावर टाकलेलं तापून वाकडं होतं. ज्यांचं शेड होळी ते दिवाळी मोकळं आहे त्यांनी हे काम भल्या पहाटे किंवा पार ऑक्टोबरात धरावं. पावसाळ्यातल्या दमटीत थर नीट बसत नाहीत.

आणि हे सगळ्यांनी वाचा: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतायचे नाहीत. स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटायचा, हार्डनर नंतर, वेगळ्या मापाने. घासताना तोंडाला फडकं नाही, चांगला मास्क लावा. काचेची धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही.

पांदण रस्ता

माह्यं म्हनणं सगळ्यायपेक्षा वेगळं हाय. सेव्हनही नाई, कोब्राही नाई. जमिनीपासून चार-पाच इंचावर पोट असलेली गाडी काळ्या मातीत काय करन? पानी पडलं का चाकाले माती चिकटते अन चाक फिरनं बंद. उन्हाळ्यात त्याच वावरात हात जाईन एवढ्या भेगा. बग्गी बांधा. अमेरिकेत ब्रूस मेयर्सनं 1964 मध्ये टबासारख्या फायबरच्या बॉडीले फोक्सवॅगन बीटलचं इंजिन अन सामान लावून मँक्स बनवली, तिच्याही रेप्लिका जगभर हायेत. उंच, मोठे टायर, दरवाजे नाई. तुमचा ओम्नीचा अ‍ॅक्सल तिलेही चालते, अन समोरचा स्ट्रटही तसाच रायते. कुंपनाच्या आतच चालवाची तं कुंपनाच्या आतली जमीन पाहून गाडी निवडा ना राजेहो.

पुसदचा फिटर

हे मात्र पटलं. बग्गीले स्ट्रट चालते.

मूर्तिजापूरची प्राध्यापिका

मी पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईल शिकवते. मुलाला शिकवणं हा हेतू असेल, तर नवी गाडी बांधण्याआधी जुनी उभी करा, असं माझं ठाम मत आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने 1961 ते 1971 बनवलेली हेराल्ड कुठेतरी गोठ्यात पडलेली सापडली तर सोनं समजा. तिला वेगळी चासी आहे, बॉडी बोल्ट काढून उचलता येते. याच गुणामुळे ब्रिटनमध्ये तिची मूळ गाडी ट्रायम्फ हेराल्ड अनेक किट कारची डोनर झाली. आणि 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची तरतूद आहे. प्रदर्शनाला, रॅलीला ती कायदेशीर रस्त्यावर येते. अकोटकरांनी उभा केलेला प्रश्नच मग राहत नाही. कारखान्यात विचार करून बनवलेली गाडी पूर्ण खोलून, समजून, पुन्हा जोडली की मगच स्वतःची चासी आखायची लायकी येते.

पुतण्या

काका, मी सगळं वाचलं. ताईंना आणि सगळ्यांना नमस्कार. माझी बाजू मलाच मांडू द्या.

काका म्हणतात आधी डोनर. मान्य. पण आपण सहा महिने, वर्षभर रात्री जागून घाम गाळणार तो कशासाठी? जी गाडी पाहिल्यावर पोटात काहीतरी होतं तिच्यासाठी. सेव्हन मला समजते, पण माझं मन तिच्यात नाही. दुसऱ्याच्या आवडीची गाडी अर्ध्यात सुटते. आमच्या बॅचमधल्या पोरांचे प्रोजेक्ट असेच सुटलेले मी पाहिलेत.

आणि मस्टँगशिवाय कोब्रा होत नाही हे बरोबर नाही. कोब्रा ज्या एसी एसवरून आली तिचं स्वतःचं इंजिन 2 लिटरचंच होतं, व्ही-8 नंतर आलं. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सची जुनी कॉन्टेसा आहे. इसुझूचं 1.8 लिटर पेट्रोल इंजिन, लांबीत बसवलेलं, पाच गिअर, मागची चाकं. चासी दोन मोठ्या पाईपची शिडी, सेव्हनच्या जाळीपेक्षा जोड कितीतरी कमी. पाईपही जाड, म्हणजे फिटरकाका म्हणतात ती भोक पडायची भीती नाही. बॉडी बाहेरून आणायची नाही. लाकडाच्या फ्रेमवर आपण साचा करू, थंड वेळ पाहून फायबर टाकू. हेराल्ड उभी करणं चांगलंच आहे ताई, पण ती दुसऱ्याने विचार केलेली गाडी. मला चुकलं तरी स्वतः आखून पाहायचंय.

तेल्हाऱ्याचं गॅरेज

बेटा, तुझी तळमळ कळते. पण कोब्राचा साचा पहिल्याच कामात? त्या मडगार्डच्या गोलाईत दोन्ही बाजू सारख्या आणणं हे वर्षानुवर्षं फायबर करणाऱ्यालाही जड जातं. डावीकडचं एक सूत बाहेर आलं की गाडी उन्हात उभी केल्याबरोबर दिसतं. आधी एक मडगार्ड करून दाखव. इकडे ये, मी शिकवतो, पैसे नको.

वावरवाला

पोराने माझ्यासमोर एवढं कधी बोलून दाखवलं नव्हतं. एसी एसच्या इंजिनाचं त्याचं म्हणणं खरं आहे, आणि शिडी चासीचंही. पण मी मागे हटत नाही. कॉन्टेसाचं इंजिन आणि अ‍ॅक्सल दोन्ही जड, ब्रेकही त्या मापाचे लागतील, आणि तिचे सुटे भाग आता शोधत फिरावं लागतं. ओम्नीचं क्लच प्लेट गावच्या दुकानात मिळतं. बांधणं एकदाच होतं, दुरुस्ती कायम चालते.

बग्गीवर मी रात्री विचार केला. जमिनीचा मुद्दा बिनतोड आहे. पण आवारात मुरूम टाकून दाबून घेता येतो, आणि मुरूम आमच्याच नाल्याकाठी आहे. तेल्हाऱ्याच्या भाऊंचं निमंत्रण मात्र आम्ही घेतलं. पोरगा पहिलं मडगार्ड तिकडे करेल, कोब्राचंच. ते दोन्ही बाजूंना सारखं जमलं तर मी कॉन्टेसा शोधायला स्वतः निघतो. तोवर ओम्नी पाहणं थांबवणार नाही.

पुसदचा फिटर

ओम्नी घ्या का कॉन्टेसा, कागद पाहूनच घ्या. कलम 55 परमानं गाडी कायमची निकामी झाली का मालकानं 14 दिवसांत आरटीओले कळवाव लागते. नोंदनी रद्द झाल्याचा कागद हातात असल्याशिवाय इंजिन उचलू नका, नाई तं चोरीचा माल म्हनून शेडच्या दारात पोलीस उभे रायतीन. दिग्रसकडं दोन ओम्न्या पडल्या हायेत, एकीचा अ‍ॅक्सल चांगला वाटला. फोटो टाकतो उद्या. मागच्या ड्रमपासून ड्रमपर्यंतचं मापही घेऊन टाकतो, चासीची रुंदी त्यावरच ठरन.