मदत हवी आहे: जुन्या ब्रिटिश सिनेमाचं नाव (नाटकातल्या मुली आणि लॉर्ड नवरे)

चाफेकळी२२
जुना ब्रिटिश विनोदी सिनेमा. लंडनच्या नाटक कंपनीत नाचगाणी करणाऱ्या मुली, सगळ्यांना लॉर्ड नवरा हवा असतो. एकीला मिळतो. नाव काय? रविवारच्या आत हवंय. गूगलून झालंय, कृपया तेच सुचवू नका.

जुना_प्रेक्षक
'द प्रिन्स अँड द शोगर्ल', 1957. मॅरिलिन मन्रो आणि लॉरेन्स ऑलिव्हिए. डोळे झाकून सांगतो.

चाफेकळी२२
तो नाही. त्यात मन्रो अमेरिकन आहे, तो राजपुत्रही परदेशी, आणि शेवटी दोघं आपापल्या वाटेने जातात. यात लग्न होतं, मुलगी वाड्यावर राहायला जाते.

रात्रपाळी
रंगीत की कृष्णधवल? कुठे पाहिला? कोण होतं त्यात?

चाफेकळी२२
रंगाचं सांगता येणार नाही.

रात्रपाळी
पाहिलाय ना तुम्ही?

चाफेकळी२२
मी नाही, आत्याने. ती 1971 ते 83 इंग्लंडात लेस्टरला होती, होजिअरीच्या कारखान्यात. घरी कृष्णधवल टीव्ही, त्यामुळे सिनेमा मुळात रंगीत होता का ते तिला माहीत नाही. त्या देशात गेल्यावर पहिल्यांदा पोटभर हसले ती हा सिनेमा बघून, असं सांगते. रविवारी तिला 85 पूर्ण होतायत. आता मोतीबिंदू काढलाय, नीट दिसतंय, तर तोच पुन्हा बघायचाय म्हणते.

कोथरूडचा_बाबू
ताई, मोबाइलवर दाखवू नका, ज्येष्ठांना त्रास होतो. लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. केबल दोन मीटरची घ्या, दीड मीटरची पुरत नाही.

चाफेकळी२२
अहो, आधी सिनेमा तर सापडू दे.

तंबोरा
सिनेमा माहीत नाही, पण विषय 'गेइटी गर्ल्स'चा आहे. लंडनला स्ट्रँडवर गेइटी थिएटर होतं. 1886 पासून जॉर्ज एडवर्ड्सने ते चालवलं. मुली उत्तम कपड्यांत, बोलणं-चालणं घोटून घेतलेलं. मागच्या दारावर श्रीमंत तरुण फुलं घेऊन ताटकळत. उमरावांशी लग्नं खरोखर झाली: कॉनी गिलख्रिस्ट 1892 मध्ये ऑर्कनीच्या अर्लची बायको झाली, रोझी बूट 1901 मध्ये हेडफर्टच्या मार्क्विसची.

सोनटक्का
'सगळ्यांना लॉर्ड नवरा हवा असतो' हे वाचून वाईट वाटतं. शोधत तर ते दारावरचे तरुण होते. बेल बिल्टनबद्दल वाचा. संगीत नाटकगृहांत गाणारी, 1889 मध्ये व्हायकाउंट डनलोशी लग्न. सासऱ्याने मुलाला परदेशी धाडलं आणि घटस्फोटाचा खटला लावायला लावला. 1890 मध्ये ज्यूरीने बेलच्या बाजूने निकाल दिला. खटला चालू असतानाही ती रोज रंगमंचावर उभी राहत होती.

तंबोरा
बेल गेइटीची नव्हे.

सोनटक्का
मी तसं म्हटलंच नाही. मुद्दा वेगळा आहे.

जुना_प्रेक्षक
गेइटी म्हणजे वांद्र्याचं का? तिथे मी खूप सिनेमे पाहिलेत.

तंबोरा
नाही. मुंबईतलं जुनं गेइटी बोरीबंदरासमोर होतं, तेच पुढे कॅपिटॉल सिनेमा झालं. सिमल्यालाही 1887 चं गेइटी आहे.

रात्रपाळी
चाफेकळी, लॉर्डच्या आधी तिचं कुणावर प्रेम असतं का?

चाफेकळी२२
हो, एका फुगेवाल्यावर.

रात्रपाळी
फुगे विकणारा?

चाफेकळी२२
थांबा, आत्याला विचारते.
…
विकणारा नाही! मोठ्या फुग्याखाली टोपलीत बसून आकाशात जाणारा. ती 'फुगेवाला'च म्हणत आलीय, मी जत्रेतला समजून सोडून दिलं होतं.

रात्रपाळी
हे पहिल्या ओळीत हवं होतं. 'ट्रॉटी ट्रू', 1949. जीन केंट नायिका, जेम्स डोनाल्ड लॉर्ड, दिग्दर्शक ब्रायन डेस्मंड हर्स्ट. टेक्निकलर आहे, म्हणजे आत्यांनी त्याचे रंग अजून पाहिलेलेच नाहीत. मागच्या दारावरच्या तरुणांत पुढे जेम्स बाँड झालेला रॉजर मूर उभा आहे, नामावलीत नाव नाही. पुढे ड्रॅक्युला झालेला क्रिस्टोफर लीसुद्धा आहे. या नावाने मिळाला नाही तर 'द गे लेडी' शोधा, अमेरिकेत त्या नावाने लागला होता.

जुना_प्रेक्षक
मला अजूनही 1957 चाच वाटतो.

चाफेकळी२२
नाव पूर्ण सांगायच्या आत आत्या 'ट्रॉटी!' म्हणून ओरडली. जीन केंटचा फोटो दाखवला, तर तिने तो हातातून सोडला नाही. ड्रेस लाल होता का म्हणून विचारतेय. रात्रपाळी, तुमचे खूप खूप आभार. बाबू, दोन मीटरची केबल कुठल्या दुकानात मिळेल? ठाण्यात आहे मी.

कोथरूडचा_बाबू
स्टेशनजवळ कुठेही. आधी टीव्हीच्या मागचं भोक बघून घ्या.

तंबोरा
कॅपिटॉलचं आतलं सज्जाचं बांधकाम कुणी पाहिलंय का? वेगळा धागा काढतो.